टेप नंबर नऊ

नियम एकच होता: शब्द बदलायचा नाही.
ठकूबाई म्हणाली तसंच, तेवढंच,
मधला खोकला, पदराआडचं "हाऽ भो",
दाराशी आलेल्या शेळीला केलेलं "हाट"सुद्धा.
धरणगावात, शाळेच्या मागच्या खोलीत
मी पेटी घेऊन बसलो.
मे महिना, पत्रे तापलेले,
आणि हेडफोनमध्ये तेवीस माणसं
जिनिंगच्या आगीबद्दल बोलत होती.
आपण गातोय, हे एकालाही माहीत नव्हतं.

पुन्हा पुन्हा ऐकलं की कळतं.
हिलाल मिस्त्री "मंग" म्हणताना पंचमावर थांबतो.
"पट्टा काढा, मंग...
मंग चहा पेवाले गऊ."
त्या दोन मंगांच्या मध्ये
पूर्वेकडचं अख्खं गोदाम जळून गेलेलं असतं.
मुनीमजी मोजून बोलतात, सात मात्रांत:
"आधी हे रेकॉर्डिंग बंद करा, मग सांगतो."
त्याचा आम्ही कोरस केला, आठ जणांचा, टाळ्यांसकट.
बंद केल्यावर ते काय म्हणाले
ते नाटकात नाही.

ठकूबाई वैजूला दिली.
वैजू चाळीसगावची, सुगम संगीतात कॉलेजात पहिली;
"मी रडनू नई" आलं की
तिचाच गळा भरून यायचा.
देवरे सर म्हणायचे, टेप ऐक.
बाई मिरच्या कुटतेय. तिच्या हाताला काम आहे.
तुझ्या हाताला काय आहे?
मग लोखंडी खल आणला, खराखुरा.
पंधरा दिवस तालमीत सगळे शिंकत होते
आणि त्या गाण्यापुरता तबलजी
बाहेर बिडी ओढत बसायचा.

नवव्या टेपमध्ये सर विचारतात,
"त्या रात्री तुमच्या शेजारी कोण होतं?"
बत्ता थांबतो.
एक स्कूटर जाते.
हंड्यावर पेला पालथा घातल्याचा आवाज.
अकरा सेकंद. मी मोजलेत.
मग, "पुढलं इचार, भाऊ."

तिथे मी आधी भैरवी घातली. लाज वाटली, काढली.
एक षड्ज धरून पाहिला. तोही जास्तच बोलत होता.
शेवटी नुसता भाता:
पट्टीवर बोट नाही,
पेटीत हवा येते, जाते.

प्रयोग मार्केट यार्डात, लिलावाच्या ओट्यावर.
ठकूबाई तिसऱ्या रांगेत,
प्लास्टिकच्या खुर्चीवर पाय वर घेऊन, नातवाला टेकून.
"हाट"ला हसली. नातवाला कोपर मारलं.
मग तो प्रश्न आला.
मी भाता ओढला.
एक. दोन. तीन. वैजूचा बत्ता वर.
सहा. सात.

"सुमन व्हती."

तिसऱ्या रांगेतून. मोठ्यानेही नाही.

"सुमन. तिना डबामा कयनानी भाकर व्हती.
माले म्हने, अर्धी तू खाय.
मी म्हनं, मंग खासू."

भाता चालूच राहिला माझा,
किती वेळ ते विचारू नका.
ओट्याखाली एक कुत्रं कान खाजवत होतं,
तेवढंच ऐकू येत होतं.
मग तीच वैजूला म्हणाली,
"म्हन माय, पुढलं म्हन."

रात्री देवरे सरांनी वही काढली.
घ्यायचं का हे?
वैजू म्हणाली, घ्यायचंच.
मी म्हणालो, रेकॉर्डर माझ्या पिशवीत होता, बंद.
तिला माहीत होतं तो बंद आहे,
येताना तिनेच विचारलं होतं.
सरांनी वहीला रबर लावला.

आता एरंडोल, पारोळा, परवा शिरपूर.
प्रश्न येतो. मी भाता ओढतो.
कुणी काही बोलत नाही.
सातव्या सेकंदाला
वैजू तिसऱ्या रांगेकडे बघते,
तिथे कुणीही बसलेलं असो.
हे आम्ही बसवलेलं नाही.