दोरीला बांधलेलं पेन

तांबळडेगच्या वाचनालयात खिडकीशी एक वही असते.
पेन जाळ्याच्या दोरीने टेबलाला बांधलेलं,
कारण आधीची चार पेनं मासेमारीला गेली.

पुस्तक परत करताना वाटलं तर लिहावं.
'शेवट पटला नाही.'
'पान ११२ फाटलंय. मी फाडलं नाही.'
आणि एकदा नुसतंच, 'हो.'
कोणाचं, कशाला, अजून कळलेलं नाही.

मग गेल्या चैत्रात सुरू झालं.
आंब्याच्या गाड्यांबरोबर आलेलं कोणी,
की गावातलंच, ओळीमागे दोन रुपये घेणारं,
सकाळी वही उघडावी तर
समुद्राला लागून प्लॉट, फक्त तीन शिल्लक;
मूळव्याध, एका पुडीत मुळासकट;
'अतिशय स्तुत्य कार्य! असेच करत राहा!
बिनतारण कर्जासाठी भेटा.'

प्लॉटचं मला काही वाटलं नाही.
त्या स्तुतीने घात केला.
शाळेतल्या पोरीने खरोखर 'छान' लिहिलं
तेव्हा मी त्याखाली फोन नंबर शोधत बसले.

वही कपाटात ठेवली, किल्ली कनवटीला.
पंधरा दिवस शाईचा ठिपका नाही.
किल्ली मागून कोण मन मोकळं करतं?
'हो' लिहिणारा तर नाहीच नाही.

सभासद क्रमांक सक्तीचा केला.
कर्जवाल्याने लिहिला, सुवाच्य अक्षरात.
कुसुम राजमला मात्र आपला आठवेना,
'ऱ्हवांदे गे, फुडल्या खेपेक,' म्हणाली
आणि फुडली खेप आलीच नाही.

मग मला सुचलं, आणि मी स्वतःवरच खूश झाले.
पानाच्या डोक्यावर प्रश्न लिहिला:
आज भरती कधी?
इथे हे घड्याळ न बघता पोरंसुद्धा सांगतात.
जाहिरातवाले रोज लिहायचे 'सकाळी दहा',
जणू समुद्र म्हणजे तलाठ्याची कचेरी.
लाल पेन्सिल घेऊन मी सरसर खोडत होते.

नवव्या दिवशी टेकराज आला,
कोचरेकरांच्या बागेतला राखणदार,
गळ्यात माकडांसाठीची गलोल.
शेळ्यांच्या आजारांवरचं पुस्तक परत करून गेला.
प्रश्नाखाली त्याने लिहिलं होतं,
अक्षर न् अक्षर दगडासारखं रचून:
'ठाऊक नाही. आमच्या गावात पाणी एकाच बाजूला जातं.'
आणि खाली,
'शेळी मरते ते पान बरोबर आहे. आमची अशीच गेली.'

नियमाने उत्तर चुकलं होतं.
पेन्सिल हातातच राहिली.
बाहेर भरती लागली होती की ओहोटी,
मीही मान वर करून पाहिलं नाही.

प्रश्न खोडला. आता असं आहे:
दारातच दुसरी वही ठेवलीय,
जाड, गुळगुळीत पानांची, वर ठसठशीत 'येथे लिहा',
पेन नवं, दोरीशिवाय.
घाईवाले तिथेच थांबतात आणि पोटभर लिहितात.
ज्याला वाचायचंय तो खिडकीपर्यंत येतो,
तिथे उजेड असतो म्हणून,
आणि जुनी वही त्याला आपोआप सापडते.
कोणाला अडवलं नाही, कोणाला काही विचारलं नाही.
तरी कधी एखादी पुडी खिडकीपर्यंत पोचते,
ती मी संध्याकाळी पेन्सिलीने आडवी करते.

दारातली वही रद्दीत घालणार होते काल.
सहज चाळली.
प्लॉट, प्लॉट, केसगळती, प्लॉट,
आणि मध्येच, कोपऱ्यात, फिकट शाईत,
'हो.'

आता दोन्ही वाचते.
अर्धा तास जास्त जातो. जाऊ दे.