चौऱ्याऐंशी

धंतोलीतल्या माझ्या खोलीत
मे महिन्यात जेलसुद्धा गार लागत नाही.
रोहिणी धकाते, तांडापेठ.
शेवटच्या पाळीपासून सात आठवडे, दोन दिवस.

भिंतीवर सरकारी पाटी आहे:
मुलगा की मुलगी, इथे सांगितलं जात नाही.
राहील की जाईल
याची पाटी नाही.
तेही मी सांगत नाही.

पडद्यावर आधी घर दिसतं.
घर लहान. बिऱ्हाडाला
कूस बदलायला जागा ठेवलेली नाही.
मग शिदोरी, एक गोल कडं,
जरा जास्तच गोल.
सात मिलिमीटर. परत मोजते. सात.
शिदोरी अशी फुगली की
मला खाणाऱ्याची काळजी वाटते.
आणि तिच्या कडेला तो, ज्वारीचा दाणा,
आपल्याच वयापेक्षा आठ दिवसांनी धाकटा.

दाण्यात काहीतरी लुकलुकतंय.

मी त्याच्यावर रेघ टाकते.
लाटा उमटतात, दूर दूर.
दोन लाटांच्या मधे
एखादा माणूस बसून बिडी ओढून घेईल.
चौऱ्याऐंशी.

खेमराज पडद्याला डोळे लावून:
"माह्या आज्याच्या मागावर धोटा असाच जाये,
इकडून तिकडे. आवाज लावा ना."
इतक्या लवकर आवाज लावत नाहीत, मी म्हणते.
हे खरं आहे.
आज त्या नियमाच्या आड मी उभी राहते.

"मॅडम, काहून बोलून नाही राहिल्या?"

चालू आहे तोवर 'नाही' लिहायचं नसतं.
मागे एक ब्याण्णव होती.
ती आता दुसरीत आहे,
अक्षर फार वाईट, तिची आई सांगते.
बाकीच्या फायली खालच्या कपाटात.
ते उघडायचं झालं तर
मी दुसऱ्या कुणाला तरी वाकायला लावते.

"कूलरमध्ये पाणी मीच भरते," रोहिणी म्हणते,
"रोज सहा बादल्या."
त्यानं काही होत नाही, मी म्हणते,
फार पटकन म्हणते.
ती मान वळवते.
"म्हणजे काही झालं आहे?"

कूलरची घरघर.
वाळ्याचा ओला वास.
ठोके थोडे कमी आहेत, मी म्हणते.
अकरा दिवसांनी परत बघू.
'थोडे' हा शब्द मी रिपोर्टात लिहिणार नाही.
तिथे आकडा लिहीन.

दाराशी सासू उभी. तिला आकडाच हवा.
"चौऱ्याऐंशी? चांगलं आहे नं बाई,
चौऱ्याऐंशीचा फेरा संपवूनच
माणसाचा जन्म भेटते."
रोहिणी ओढणीनं पोट पुसत राहते,
जेल केव्हाच निघून गेलंय.

खेमराजला फोटो हवा असतो.
मी देते. हा कागद उन्हात ठेवू नका,
चित्र उडून जातं.
आज त्यांना दिलेली
एवढीच एक पक्की सूचना.

खिडकीतून दिसतात तिघं.
पारा सेहेचाळीस. रस्ता पांढरा पडलेला.
तो खिशातला कांदा काढून आईच्या हातात देतो,
डोक्याचा दुपट्टा सोडतो,
घडीवर घडी घालत
त्यात पाकीट गुंडाळतो,
आणि उघड्या डोक्यानं
गाडीला किक मारतो.
एकदा. दोनदा.
तिसऱ्यांदा लागते.