पाणी बदलून पाहावे

मार्चमधल्या एका सकाळी त्याच्या गालावर ठिपके दिसले,
पांढरे, बारीक, खसखशीएवढे,
आणि माझ्या हातातला चहा हातातच राहिला.

यामातो-कोरियामातल्या आमच्या गल्लीमागची तळी
एकेक करून बुजवली.
तिथे आता सोलरच्या काळ्या पाट्या आभाळाकडे बघत पडल्यात.
आमच्याकडे उरलंय एक सिमेंटचं टाकं आणि सात रांचू,
पाठीवर पर नसलेले, डोक्यावर तुतीसारख्या गाठी,
पोहणं असं, की पोटुशी बाई जिना चढतेय.

तोकुजी जाऊन दीड वर्ष झालं.
माशांचं कळायचं ते त्यालाच. मी नुसते दाणे टाकायची,
ते तोंडं उघडून धावत यायचे
आणि तेवढ्यालाच मी माया म्हणायची.

म्हणून मीठ काढलं. लिटरला पाच ग्रॅम,
एवढं कानावर होतं. तराजू सापडेना.
तराजू शोधताना वही सापडली, दाण्याच्या डब्याखाली,
कडा ओलीने फुगलेल्या, सगळं शिसपेन्सिलीने.
अक्षर त्याच्या बोलण्यासारखंच. कंजूष.

'पहाटे सगळे वर, तोंडं पाण्याबाहेर.
भूक नव्हे. हवा कमी. दाणे देऊ नयेत.'

'एकटा कोपऱ्यात, पर अंगाला चिकटलेले.
आज नुसतं बघणे.'

'दगडाला अंग घासतो. खाज आहे. राग नाही.'

'उलटा तरंगतो. पोट फुगलेलं. तीन दिवस उपास.
घाबरू नये. तोही घाबरलेला असतो.'

'खवले उभे, पाइनच्या बोंडासारखे.'
एवढंच. पुढे अर्धं पान कोरं.
त्या दिवशी तो पर्सिमनच्या झाडाखाली खणत होता,
मी विचारलं, काय करतोस,
तर म्हणाला, काही नाही.

'डिसेंबर. सगळे तळाशी. हलत नाहीत.
आजारी नव्हेत. थंडी. उगाच उठवू नये.'

आणि मग हे:

'मिने. चौथा दिवस. अर्धी वाटी भात.
खिडकीपाशी बसते, एकाच बाजूला तोंड करून.
हाक मारली की उशिरा वळते.
पाणी बदलून पाहावे.'

ते साल मला वहीत बघावं लागलं नाही.
सातव्या महिन्यात बाळ गेलं, ते साल.
गल्लीतल्या बायका काय काय सांगून गेल्या.
तोकुजी काहीच बोलला नाही,
आणि ते न बोलणं मी चाळीस वर्षं
त्याच्या नावावर मांडून ठेवलं होतं.

पाचव्या दिवशी त्याने ओकुबोचा टेम्पो मागून आणला,
माशांच्या पिशव्यांचा वास मारणारा,
आणि मला तोबाला नेलं, समुद्रापाशी.
वाटलं, ह्याचं काही काम असेल.
तिसऱ्या रात्री खाणावळीत मी शिंपल्यांचं सूप
दुसऱ्यांदा मागितलं. तो बघत होता.
मला वाटलं, बिलाचा हिशेब करतोय.

पान उलटलं.
'सूप दोनदा. ठीक.'

ठिपक्यांचं पार शेवटी सापडलं.
'गालावर आणि पुढच्या परांच्या कडेला, रांगेत: तारे.
नर आहे. वसंत आला. औषध नको.
अंगभर, मीठ भुरभुरल्यासारखे: तेव्हा मीठ.'

टाक्यापाशी जाऊन वाकले.
गालावर. परांच्या कडेला. रांगेत.
तो एका मादीच्या मागे लागला होता, पोटाला ढुशा देत.
काल मी त्याला काठीने हाकललं होतं,
भांडतोय म्हणून.

मीठ बरणीत परत ओतलं. थोडं सांडलं.
पेन्सिलीचं टोक मोडलेलं, भाजीच्या सुरीने काढलं
आणि लिहिलं: 'मार्च. तारे. काठी मारली, चूक माझी.'
मग बराच वेळ तशीच बसले.
मग त्याखाली:
'मिने. चहा गार झाला. दुसरा केला.'