साक्षीदार क्रमांक दोन

रक्ताचं नातं नसलेला, वारस नसलेला
माणूस हवा होता वकिलाला,
म्हणून द्वारकाबाई कुबल आल्या
बर्फाच्या कारखान्यात,
जिथे अठ्ठावीस वर्षं मी लाद्या मोजतो.

नोटरीच्या खोलीत पंखा कागद उडवत होता.
एका कोपऱ्यावर शिक्क्याची डबी,
दुसऱ्यावर बाईंचा चष्मा.
‘मी, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय…’
‘दडपण कोणाचा? माझ्या दडपणान मालवणचा बंदर चलता.’
वकील हसला नाही. वाचत राहिला:
बरं होण्याची आशा उरली नसेल तर
श्वासाचं यंत्र, नाकातली नळी, छातीवरचे दाब.
प्रत्येक शब्दाला बाई थांबवत होत्या,
लिलावात कल्ला उचलून बघावा तशा.

बांबोळीला एकवीस दिवस
काचेबाहेरून त्यांनी नवरा पाहिला होता.
यंत्र छाती वर उचलायचं, खाली ठेवायचं.
नळी उपसेल म्हणून हात खाटेला बांधलेले.
रोज एक फॉर्म, रोज सही.
‘नाही’ कुठे लिहायचं
ते कुणी दाखवलं नव्हतं.

एकदम माझ्याकडे वळल्या.
‘तूच सांग रे,
बर्फात घातलो म्हणान मासो जितो रवता?’
मी म्हटलं, नाही. ताजा दिसतो.
‘लिवा,’ त्या वकिलाला म्हणाल्या.

‘तुमच्या वतीने कोण ठरवणार? मुलगा?’
‘झील रडतलो. तेच्यान होवचा नाय.
सून करतली.’
सून, सुलभा, दाराशी उभी होती,
हाताला सुरमईचा वास, नखात खवला.
तिने पदराला हात पुसले. पुन्हा पुसले.

‘आणि ह्या लिवा: दुखना कमी करूचा वखद होया.
तोंड सुकता. कापसान पाणी लावक होया.’
कापसाला रकाना नव्हता.
वकिलाने समासात, हाताने लिहिलं.

मग त्यांनी सही केली, सावकाश,
‘कु’चा उकार शेवटी आठवून.
मग माझी. पेन घसरलं,
बर्फ धरून बोटं कायमची बधिर आहेत माझी.

एक प्रत नगरपरिषदेला, एक डॉक्टरला,
एक सुलभाच्या पिशवीत, कोयत्याशेजारी.
फीवरून घासाघीस झाली, पन्नास रुपये सुटले.
चारला लिलाव होता. बाई चालू लागल्या.

रात्री बायकोने विचारलं, सही कसली केलीत?
मी म्हटलं, बर्फाची.
आणि सोलकढीत भात कालवत राहिलो
बराच वेळ.