पत्र्याला चुना

बाणेरला अकराव्या मजल्यावर
फाइव्ह स्टारचा इन्व्हर्टर बसवून दिला.
मॅडम म्हणाल्या, बिल किती येईल हो, ढमढेरे?
म्हटलं, चोवीसवर ठेवा, फटी बुजवा,
उन्हाच्या बाजूचा पडदा ओढा.
मशीनला उगाच पळवू नका.

जनता वसाहतीत आमचा पत्रा
रात्री दहालाही निवत नाही.
कुसुम भाकरी थापते, वरून दुसरा तवा.

रविवारी उसनी शिडी लावली.
चुना, थोडा फेव्हिकॉल, झिजलेला ब्रश.
दोन हात.
खालून लतीफ ओरडला, काय रे, लग्न काढलंस का घरात?

सोमवारी भर दुपारी
ती पलंगावर उभी राहिली,
पत्र्याला तळवा टेकवला.
माझा थर्मामीटर बॅगेतच.
मी मोजत होतो.
सात, आठ, नऊ...
हात तिथंच.