दिवसपाळी, रातपाळी

लाकडी पेटी तू रविवारभर बसून ठोकलीस,
कंपासने भोक आखून, कडा काचकागदाने घासून.
तिच्याकडे दोघं फिरकलीसुद्धा नाहीत.
माळ्यावरचा गजकचा रिकामा खोका मात्र
मुगीने आतून कुरतडला,
कोपऱ्यातले तीळ वेचून खाल्ले,
आणि लष्करातून किल्ला आठ-आठ दिवस दिसत नाही
अशा त्या धुक्यात
पहिलं अंडं घातलं.

पक्षीवाला म्हणाला होता, कॉकटेल आहे,
एक दिवसाआड घालेल. थंडीत अडकतंही कधी.
म्हणून वॉर्डातून आल्याआल्या
आधी तिचं शेपूट बघायचे, खाली-वर होत नाही ना,
मग चपला काढायचे.
समुद्रफेस जाळीला तारेने बांधला.
हाडांच्या वॉर्डात रात्र काढून आलेली बाई मी,
कॅल्शियम कुठून कुठे जातं
मला कुणी शिकवायला नको.
तरी त्या बोराएवढ्या पांढऱ्या कवचाला
हात लावायला धजले नाही.

तोमर काकी दारातूनच,
“इत्ते से का आमलेट क्या बनेगा?”
आणि रोज विचारतात, आज कितवं.

दिवसा सुभेदार बसतो.
आरशापुढे तुरा उभारून शीळ घालणारा हा गृहस्थ
दहाच्या सुमारास मुकाट खोक्यात शिरतो.
मुगी बाहेर येते, एक पंख, एक पाय ताणते,
रात्रभर धरून ठेवलेलं एकदाच, ढीगभर सोडते,
राळ्यावर तुटून पडते.
संध्याकाळी पुन्हा अदलाबदल.
उशीर झाला, असं कुणी कुणाला म्हणत नाही.

आपण म्हणतो.
साडेआठला दारात, मी आत, तू बाहेर.
किल्ली. दुधाचे पैसे. गिझर बंद केलास का.
“चौथं घातलं.”
तू इन्व्हर्टरच्या दुकानाकडे निघतोस,
रजाईखाली तुझी ऊब अजून शिल्लक असते.
मी तिच्यातच झोपते.

आठव्या दिवशी मोबाइलच्या टॉर्चवर एकेक धरलं.
दोन नुसती पिवळी, कंदिलासारखी.
तिसऱ्यात लाल रेघा,
कोळ्याने जाळं सुरू करून सोडावं तशा.
नस सापडत नाही म्हणून
नवख्या मुलींना मी किती बोलले असेन.
इथे न शोधता दिसल्या.
रिकामी दोन काढू का, म्हटलं.
“राहू दे. काढलीस तर पुन्हा घालत बसेल.”

काल पहाटे चारला तुझा फोन.
बोलला नाहीस काही, खोक्याशी धरला असणार.
सात नंबरचा म्हातारा घोरत होता,
मी दुसऱ्या कानात बोट घातलं.
टकटक होती की लाइनची खरखर,
नक्की सांगता येत नाही.
मग तुझा श्वास.
“खिडकी नीट लावलीयस ना?”
मी विचारलं.