उलट वाचन

सोहारला गुरुवारी दुपारी दोनला
बँक फाइल घेणं बंद करते.
आता साडेबारा.
बाहेर ऑगस्ट, काचेला बाहेरून घाम,
आत एसीखाली शाल पांघरून मी
बिनू चाकोचं कोड तपासते आहे:
सेवा संपलेल्यांचा हिशेब.
बंदरावरचे वेल्डर, रिगर, मचाण बांधणारे,
कोण किती वर्षं, कोणाला किती रियाल.

एडिटर आधी त्याचं काम करतो.
एका स्वल्पविरामाखाली लाल नागमोडी रेघ.
कंस उघडलाय, मिटलेला नाही.
'सिलेक्ट'चं एक अक्षर गळलंय.
दुरुस्त करत जाते तशा रेघा विझतात.
रन.
चारशे बारा ओळी. चूक एकही नाही.

झालं चेची, पाठवू? बिनू विचारतो.

वडील मिरजेला एका छापखान्यात प्रुफं तपासायचे.
लग्नपत्रिका, पतपेढीचे अहवाल, एकदा मतदारयादी.
म्हणायचे, ऱ्हस्वदीर्घ कुणीही पकडेल,
शुद्ध छापलेलं खोटं पकडायचं
तर पान शेवटाकडून वाच.
सरळ वाचलं की डोळा शहाणपणा करतो,
नसलेला शब्द पदरचा घालून पुढे जातो.
एका पत्रिकेत नवरीचंच नाव नव्हतं.
पाच जणांनी वाचली होती.

म्हणून मी खालून वर जाते.
ऑर्डर बाय, ठीक.
व्हेअर, तारखा ठीक.
मग तो जॉइन.
कंपनीचा तक्ता आणि जुन्या ठेकेदाराचा तक्ता
नाव-आडनावाने एकमेकांना टाचलेले:
इथलं आडनाव बरोबर तिथलं आडनाव.

आणि ज्याला आडनावच नाही?

त्याच्या रकान्यात नल.
नल म्हणजे शून्य नव्हे, शून्याला निदान घर असतं.
रिकामंही नव्हे.
नल म्हणजे कुणी विचारलं नाही.
आणि नल कशाच्याच बरोबर नसतो,
दुसऱ्या नलाच्याही नाही.
दोन्ही तक्त्यांत तोच माणूस उभा,
यंत्राला विचारलं, हा तोच ना,
तर ते हो म्हणत नाही, नाही असंही म्हणत नाही,
नुसतं त्याला दाराबाहेर ठेवतं.
लाल रेघ न मारता.

पासपोर्टाचा रकाना शोधून मी अट बदलते.
रन.
चारशे तेरा.

फेकन.
एवढंच.
जिल्हा सिवान, हुद्दा वेल्डर, रुजू दोन हजार आठ,
मूळ पगार पंच्याण्णव रियाल.

बिनूला हसू येतं, असलं कसलं नाव.
मला ठाऊक आहे असलं नाव.
आमच्याकडे केरू असतात, धोंडू असतात.
आधीची जगली नाहीत
म्हणून याला उकिरड्यावर ठेवून परत उचललेलं,
मरणाला वाटावं, टाकलेलंच आहे, कशाला न्या.
युक्ती मरणावर चालली.
आमच्या तक्त्याने ती खरी मानली.

दोन उण्या रेघा काढल्या
की त्यांच्यापुढचं यंत्र वाचत नाही.
तिथे मी लिहिते, पुढच्या माणसासाठी:
एकाच नावाचीही माणसं असतात, आडनावावर जोडू नये.
पावणेदोनला फाइल जाते.

बिनू खुर्ची मागे सारत नाही.
डब्याला हात लावत नाही.
मग हळूच म्हणतो,
गेल्या वर्षीचीही मीच केली होती, चेची.
त्याच्या आधीचीही.

मी शाल खांद्यावर ओढून घेते.
तो जुनी फाइल उघडतो,
आणि आम्ही दोघं
सगळ्यात खालच्या ओळीवर बोट ठेवतो.